फिलिपिन्समधील चर्चचे मेळावे आणि सेवाकार्ये : कसे जावे, कसे वागावे, मदत कशी करावी

मनिला, सेबू किंवा दावाओ येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या, दावाओत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या अथवा काही दिवसांच्या सहलीला गेलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी कोणीतरी शेजारी, सहकारी किंवा घरमालकीण आग्रहाने चर्चला बोलावते. कधी निमंत्रण रविवारच्या मिस्सेचे, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेचे असते, कधी गावच्या संताच्या फिएस्ताचे, म्हणजे उत्सवाचे, तर कधी एखाद्या गरीब वस्तीत मुलांना जेवण वाढण्याच्या कामाचे. २०२० च्या जनगणनेनुसार या देशातील ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत, त्यामुळे तेथील समाजजीवनाचा मोठा भाग चर्चच्या अंगणातच घडतो आणि तिकडे पाठ फिरवून राहणाऱ्याला तो देश फारसा कळत नाही. निमंत्रण स्वीकारण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. मात्र पहिल्याच दिवशी दाते किंवा कार्यकर्ते म्हणून पुढे होण्यापेक्षा आधी पाहुणा म्हणून नीट हजर राहावे आणि मदतीचा हात त्यानंतर, स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून पुढे करावा, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सारे मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे.

बोलावणे कोणाचे आहे ते आधी समजून घ्या

निमंत्रण मिळाल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा की हे कोणते चर्च आहे. कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे एखाद्या परिसराच्या चर्चमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद कोणी ठेवत नाही. मागच्या बाकावर बसून कोणीही मिस्सा ऐकू शकतो. इव्हँजेलिकल मंडळींच्या, म्हणजे बायबल आणि प्रवचन यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या, सभा अनेकदा मॉलमधल्या किंवा एखाद्या मोठ्या इमारतीतल्या सभागृहात भरतात. तेथे वाद्यवृंदासह गाणी होतात, प्रवचन लांब चालते आणि नवख्या माणसाचे स्वागत करून त्याचा दूरध्वनी क्रमांकही विचारला जातो. क्रमांक द्यायचा नसेल तर हसून नाही म्हणावे; कोणी वाईट वाटून घेत नाही.

१९१४ मध्ये नोंदणी झालेले इग्लेसिया नी क्रिस्तो हे चर्च मात्र या दोहोंपेक्षा वेगळे आहे. त्यांच्या उपासनेत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना बसतात, जागा स्वयंसेवक दाखवतात आणि शिस्त कडक असते. हे लोक नाताळ साजरा करत नाहीत, म्हणून डिसेंबरमध्ये त्या चर्चच्या सहकाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा देणे टाळावे. रक्तापासून केलेला दिनुगुआन नावाचा पदार्थही ते खात नाहीत, तेव्हा कार्यालयातल्या सहभोजनाची यादी करताना ही गोष्ट ध्यानात असावी.

तुमचा धर्म कोणता, हा प्रश्न तेथे अगदी सहज विचारला जातो. त्यात खोच नसते. आपण हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुसलमान असल्याचे सरळ सांगावे. बाप्तिस्मा घेण्याचा अथवा सदस्य होण्याचा आग्रह झाला, तर केवळ पाहुणा म्हणून आलो आहे, एवढे एक वाक्य पुरते.

कधी जावे

वर्षभरात जाण्यासारखे प्रसंग पुष्कळ असले तरी नवख्याने सुरुवात सिंबांग गाबी या नाताळापूर्वीच्या मिस्सांपासून करावी. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे मिस्सा होते. काही ठिकाणी ती चारच्या सुमारास सुरू होते, आणि ज्यांना पहाटे जमत नाही त्यांच्यासाठी अनेक पॅरिशमध्ये आदल्या संध्याकाळी वेगळी मिस्सा ठेवलेली असते. चर्चबाहेर पारोल नावाचे चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील लटकत असतात, आणि मिस्सा संपताच लोक बिबिंगका आणि पुतो बुंबोंगच्या टपऱ्यांभोवती जमतात. बिबिंगका हा तांदळाच्या पिठाचा, केळीच्या पानावर ठेवून वरून-खालून निखाऱ्यांवर भाजलेला केक. पुतो बुंबोंग हा जांभळट रंगाचा पदार्थ बांबूच्या नळीत वाफवतात आणि त्यावर लोणी, खवलेला नारळ आणि साखर घालून देतात. या अर्ध्या तासात जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या एरवी महिन्यातही होत नाहीत.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवारी संध्याकाळनंतर विसिता इग्लेसिया ही सात चर्चना भेट देण्याची प्रथा पाळतात. कोणाच्या तरी कुटुंबासोबत जावे, कारण त्या दिवसांत दुकाने आणि वाहतूक बरीचशी बंद असते. गुड फ्रायडेला पांपांगा प्रांतातील सान पेद्रो कुतुद येथे काही भाविक स्वतःला खरोखर क्रुसावर खिळवून घेतात. कॅथलिक चर्चचे नेते या प्रथेला प्रोत्साहन देत नाहीत. ज्याला तेथील भक्ती समजून घ्यायची आहे त्याने गर्दीतून तो प्रसंग चित्रित करण्यापेक्षा एखाद्या घरातले पासियोनचे अखंड गायन ऐकावे, असे मला वाटते. शेजारपाजारचे लोक आळीपाळीने बसून ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा तासन्‌तास गातात, आणि ऐकायला येणाऱ्याला हमखास काहीतरी खायला मिळते.

मिस्सेत बसताना

खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असावा; बिनबाह्यांचे कपडे, आखूड चड्डी, टोपी आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या चपला चालत नाहीत. बूट काढण्याची पद्धत नाही. फिलिपिन्समध्ये समारंभ उशिरा सुरू होतात हे खरे असले तरी मिस्सा वेळेवर सुरू होते, तेव्हा दहा मिनिटे आधी पोहोचावे. मेट्रो मनिलातील मकाती या भागात काम करणाऱ्यांना ग्रीनबेल्ट मॉलच्या आवारातले चॅपल सोयीचे आहे. अनेक मॉलमध्येही रविवारी मिस्सा होते आणि ती तेवढ्याच गांभीर्याने ऐकली जाते.

लोक उभे राहतील तेव्हा उभे राहावे, बसतील तेव्हा बसावे. गुडघे टेकणे तुमच्यावर बंधनकारक नाही, त्या वेळी शांतपणे बसून राहिले तरी चालते. ‘आमा नामिन’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना गाताना बरेच जण शेजाऱ्याचा हात धरतात. हात पुढे आला तर धरावा. त्यानंतर एकमेकांना शांती चिंतताना किंचित मान लववून हसले की पुरे. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या वेळी मात्र कॅथलिक नसलेल्याने रांगेत जाऊ नये. तो प्रसाद नाही, आणि कुतूहलापोटी तो घेणे भाविकांच्या मनाला लागते. बाकावरून लोकांना बाहेर पडायला वाट करून द्यावी आणि पुन्हा बसावे. दानाची पिशवी किंवा परडी फिरते तिच्यात वीस, पन्नास, जमेल तेवढे पेसो टाकावेत. काही न टाकता ती पुढे सरकवली तरी कोणी वळून पाहत नाही.

मिस्सा संपल्यावर मुले आईवडिलांचा आणि आजीआजोबांचा हात आपल्या कपाळाला लावतात. याला मानो म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांशी ओळख करून दिली गेली, तर तुम्हीही ‘मानो पो’ म्हणून त्यांचा हात हलकेच कपाळाला टेकवावा. मराठी घरात वाढलेल्याला यात काही अवघड नाही, आणि त्या लोला-लोलोंना, म्हणजे आजी-आजोबांना, याचे फार अप्रूप वाटते. थोड्या मोठ्या वयाच्या स्त्रीला आते, पुरुषाला कुया, आईवडिलांच्या वयाच्या माणसांना तिता आणि तितो म्हणावे, आणि प्रत्येक वाक्यात आदराचा ‘पो’ घालण्याची सवय लावून घ्यावी. धर्मगुरूंना फादर आणि इव्हँजेलिकल चर्चच्या प्रमुखांना पास्टर म्हणतात.

बाक्लारानचा बुधवार

ज्यांना एकाच ठिकाणी फिलिपिनो भक्तीचा पूर्ण अनुभव घ्यायचा आहे त्यांनी मेट्रो मनिलातील बाक्लारानच्या चर्चमध्ये बुधवारी जावे. एलआरटी-१ या रेल्वेमार्गावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले रेडेम्प्टोरिस्ट-आसियाना स्थानक जवळ आहे. येथे सदासाहाय्य मातेचा, म्हणजे येशूची आई मरिया हिचा, नोव्हेना (ठरावीक प्रार्थनांची भक्ती) १९४८ पासून दर बुधवारी चालू आहे. मुंबईकर मराठी वाचकाला हे ऐकून माहीमचे सेंट मायकल चर्च आठवेल, आणि ते योग्यच आहे: तेथील बुधवारचा नोव्हेनाही त्याच मातेचा असून तोही १९४८ मध्येच सुरू झाला. माहीमला ज्याने मेणबत्ती लावली आहे त्याला बाक्लारानला परके वाटणार नाही.

येथे भाविकांनी लिहिलेली पत्रे वाचून दाखवली जातात. कोणाला परदेशातली नोकरी मिळालेली असते, कोणाची मुलगी परिचारिकेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असते, कोणी नवरा आजारातून उठावा अशी याचना करत असते. काही जण मधल्या वाटेवरून गुडघ्यांवर चालत वेदीपर्यंत जातात. त्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि त्यांचे छायाचित्र घेऊ नये. बाहेर बाजाराची गर्दी दाट असते, म्हणून फोन आणि पाकीट समोरच्या खिशात ठेवावे. मनिलाच्या कियापो भागातील चर्चमध्ये अशीच गर्दी शुक्रवारी होते.

मोठ्या मिरवणुका

दरवर्षी ९ जानेवारीला कियापोच्या जीझस नाझरेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या, मूर्तीची मिरवणूक मनिलातील किरिनो ग्रँडस्टँडपासून निघते. लाखो लोक अनवाणी, तांबड्या-किरमिजी कपड्यांत येतात, रथाच्या दोरांना हात लावण्यासाठी झटतात आणि मूर्तीला पुसून परत मिळावेत म्हणून रथावरच्या स्वयंसेवकांकडे रुमाल फेकतात. पहाटे निघालेली ही मिरवणूक बहुधा रात्री उशिरापर्यंत आणि कधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पहिल्या वर्षी दोरांच्या जवळपासही जाऊ नये. आदल्या दोन दिवसांत दर्शनाची रांग लागते, ती नवख्यासाठी सुरक्षित असते. लहान मुले, वृद्ध आणि गर्दीत श्वास कोंडणारी माणसे यांनी दूरचित्रवाणीवर मिरवणूक पाहणेच बरे.

सेबूचा सिनुलोग जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असतो. मॅगेलनने १५२१ मध्ये राजा हुमाबोनच्या पत्नीला दिलेली बाल येशूची मूर्ती त्याच्या केंद्रस्थानी आहे. रस्त्यावरच्या नृत्यस्पर्धेसाठी पर्यटक येतात. भाविकांचा सोहळा पाहायचा असेल तर आदल्या दिवशीची मिरवणूक आणि बासिलिकेतल्या नोव्हेना मिस्सा गाठाव्यात.

वसईच्या वाचकांसाठी एक वाट वेगळी आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया मनिलात येऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत दोघेही हुतात्मा झाले. त्या पेद्रो बाउतिस्तांच्या नावाचे चर्च केसोन सिटीत आहे. वसईहून आलो असे तेथील पॅरिश कार्यालयात सांगितले, तर बोलणे सुरू करायला आणखी काही लागत नाही.

कायद्याच्या तीन गोष्टी

सेवाकार्यात उतरण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. पहिली व्हिसाची. जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण ही मुदत वाढवून मिळत नाही. प्रवासाच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल ही ऑनलाइन नोंदणीही करावी लागते. एखाद्या सकाळी पॅरिशच्या स्वयंपाकघरात कांदे चिरणे आणि महिनोन्‌महिने एखाद्या संस्थेत काम करणे यांत फरक आहे. दीर्घ काळ मिशनरी किंवा स्वयंसेवक म्हणून राहायचे असेल तर वेगळा व्हिसा लागतो आणि तो संस्थेनेच मागायचा असतो.

दुसरी गोष्ट राजकारणाची. मार्कोस यांची हुकूमशाही संपवणाऱ्या १९८६ च्या एद्सा क्रांतीत लोकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितास या कॅथलिक नभोवाणी केंद्रावरून केले होते, आणि २१ सप्टेंबर २०२५ रोजी पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचाराविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांतही चर्चची मंडळी होती. तेथे प्रार्थनासभा आणि मोर्चा यांच्यातली रेषा पुसट असते. परदेशी नागरिकाने राजकीय निदर्शनांत भाग घेतल्यास त्याची देशातून रवानगी होऊ शकते आणि पुन्हा प्रवेशही नाकारला जाऊ शकतो. म्हणून फलक आणि घोषणा दिसू लागताच, कितीही पटत असले तरी, तेथून निघावे.

तिसरी गोष्ट मुलांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. १९९२ चा बालसंरक्षण कायदा, म्हणजे रिपब्लिक ॲक्ट ७६१०, कडक आहे. नात्यात नसलेल्या अल्पवयीन मुलाला सोबत घेऊन हॉटेल, समुद्रकिनारा किंवा तत्सम ठिकाणी असणेही त्याखाली गुन्हा ठरू शकते. लळा लागला म्हणून एखाद्या मुलाला आइस्क्रीम खायला एकट्याने बाहेर नेऊ नये; जे करायचे ते पालकांसमोर आणि पॅरिशच्या कार्यकर्त्यांसमोर करावे. छायाचित्रासाठी पालकांची परवानगी घ्यावी. जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नये. परवानगी मिळाली तरी टाकू नये.

सेवाकार्यात हात कसा घालावा

सुरुवात पॅरिश कार्यालयापासून करावी. बऱ्याच पॅरिशची कार्यालये सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारनंतर जावे आणि समाजसेवेचे काम कोण पाहते हे विचारावे. तेथे भेटणारी व्यक्ती बहुधा पन्नाशी-साठीतली एखादी आते असते. वस्तीतल्या कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा नवरा परदेशी गेला आहे आणि कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिला तोंडपाठ असते. तिच्याकडे योजना घेऊन जाऊ नये. या महिन्यात काय काम आहे आणि कुठे माणूस कमी पडतो एवढेच विचारावे. वस्तीत कार्यक्रम असेल तर बारंगायच्या, म्हणजे सर्वांत लहान स्थानिक प्रशासनाच्या, कार्यालयाला कळवणे तीच सांभाळते.

नवख्याला सर्वांत सुलभ काम म्हणजे मुलांचे अन्नवाटप. पहाटेच मोठ्या पातेल्यात लुगाव शिजायला ठेवतात. ही आपल्याकडच्या तांदळाच्या पेजेसारखीच, फक्त अधिक घट्ट असते, आणि तीत आले आणि बहुधा कोंबडीचे तुकडे घालतात. वाढताना वरून तळलेला लसूण, कांद्याची पात आणि उकडलेले अंडे घालतात आणि कालामांसी हे छोटे लिंबू पिळतात. मुले घरून वाडगी, डबे, कधी आइस्क्रीमची रिकामी बरणी घेऊन येतात. धाकट्या भावंडासाठी दुसरे भांडे आणलेले असते. ते पाहून कोणाला हटकू नये, त्याचा हिशेब कार्यकर्त्यांनी आधीच केलेला असतो. रांग लावणे आणि नावे टिपणे स्थानिक माणसांनी करावे. तुम्ही पळी धरावी, भांडी घासावीत, बाके उचलावीत. वाढून झाल्यावर हात धुऊन लगेच निघून न जाता झाडलोट संपेपर्यंत थांबावे. पुढच्या वेळी बोलावणे येते ते थांबलेल्यालाच.

संस्थांपैकी कारितास मनिला जुनी आणि मोठी आहे; तिच्या सेगुन्दा माना या उपक्रमात वापरलेल्या पण चांगल्या वस्तू घेऊन विकतात आणि तो पैसा सेवाकार्याला लावतात. कार्डिनल गाउदेन्सियो रोसालेस यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या पोंदो नांग पिनोयमध्ये रोज २५ सेंतावो (पाव पेसो) बाजूला टाकण्याची सवय लोकांना लावली. गरिबालाही दाता होता यावे हा त्यामागचा हेतू होता. मनिलातल्या बेघरांना अंघोळ, स्वच्छ कपडे आणि जेवण सन्मानाने मिळावे म्हणून फादर फ्लाव्हियानो व्हिल्यानुएवा यांनी २०१५ मध्ये आर्नोल्ड यान्सेन कालिंगा केंद्र सुरू केले. त्यांना २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्याच वर्षी भारतातील एज्युकेट गर्ल्स या संस्थेलाही तो मिळाला. या केंद्राच्या कामात मला मोलाची वाटते ती ही गोष्ट की तेथे जेवणाच्याही आधी माणसाची स्वच्छता आणि त्याचे नाव यांना महत्त्व दिले जाते.

वैद्यकीय शिबिरे सर्वत्र भरतात. दावाओतील विद्यार्थ्यांनी तेथे नोंदणी, वजन-उंची मोजणे, रांग सांभाळणे यांत जरूर मदत करावी. औषध सुचवणे आणि सुई टोचणे मात्र परवानाधारकांचेच काम आहे, आणि पर्यवेक्षक समोर नसताना कोणी गळ घातली तरी ते करू नये. वादळानंतर पॅरिशच्या सभागृहात पिशव्या भरण्याचे काम असते: एकीकडे तांदूळ मोजून बांधायचा, दुसरीकडे सार्डिनचे डबे, नूडल्स आणि कॉफीच्या पुड्या टाकायच्या. भाषा न येणाऱ्यालाही हे काम पहिल्या मिनिटापासून जमते.

पैसा आणि वस्तू

सार्वजनिक निधी गोळा करणाऱ्या संस्थेकडे समाजकल्याण विभागाचा, म्हणजे डीएसडब्ल्यूडीचा परवाना असावा लागतो. तो दाखवायला सांगणे अपमानाचे नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर पीसीएनसी या स्वयंसेवी संस्थांची तपासणी करणाऱ्या मंडळाने प्रमाणित केलेली संस्था निवडावी आणि पावती घ्यावी. जीकॅश या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या ॲपवर कोणा व्यक्तीच्या नावाने पैसे मागितले, तर पाठवण्यापूर्वी पॅरिश कार्यालयात विचारून खात्री करावी.

भारतातून जुने कपडे आणि उरलेली औषधे पेटीत भरून नेऊ नयेत. वापरलेल्या कपड्यांची व्यापारी आयात तेथे १९६६ च्या कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे मोठे गाठोडे पाहून सीमाशुल्क अधिकारी प्रश्न विचारतील, आणि लेबल न कळणारी औषधे शिबिरातल्या डॉक्टरांच्या उपयोगाची नसतात. तेवढ्याच पैशांत तेथल्या बाजारातून तांदूळ घेतला तर वस्तीतल्या दुकानदाराचाही धंदा होतो.

शाकाहारी पाहुण्यासाठी

कार्यक्रम संपला की जेवण असतेच आणि जेवल्याशिवाय निघणे यजमानाला रुचत नाही. शाकाहारी माणसाने ही गोष्ट आदल्या दिवशीच सांगावी, तीही नेमकेपणाने: मांस नाही, मासा नाही, पातिस आणि बागोओंगही नाही. पातिस हा माशाचा रस आणि बागोओंग ही कोळंबीची किंवा माशाची खारवलेली चटणी बहुतेक भाज्यांत असते, आणि भाजी म्हणून वाढलेल्या पदार्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघतात. लुगावही बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला सुमान, पिकल्या केळ्याचा तळलेला तुरोन आणि फळे निर्धास्त खाता येतात. स्वतःचा डबा न्यायचा असेल तर सर्वांना पुरेल एवढा न्यावा. बटाट्याची भाजी आणि पुऱ्या तेथे आवडीने खाल्ल्या जातात. यजमानाने घरी नेण्यासाठी काही बांधून दिले तर नको म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी बोलावणाऱ्याला आभाराचा संदेश पाठवावा आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख विचारावी. पोषण कार्यक्रमात मुलांची वजने सुरुवातीला आणि शेवटी टिपलेली असतात. काही आठवड्यांनी ती वही पाहण्याची विनंती करावी, कारण कोणत्या मुलाचे वजन वाढले नाही आणि का, या प्रश्नातूनच पुढचे काम ठरते, आणि त्या चर्चेला बसण्याइतका विश्वास मिळाला की पाहुणा म्हणून हजर राहण्याची पायरी पूर्ण झाली असे समजायला हरकत नाही.